चुन्याची फुली

त्या पिंपावरची चुन्याची फुली मी मारली होती. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या एका माणसाला ते न सांगता ठाऊक होतं, तो माझा छगनमामा, तोही गेला. आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तो तर त्याच्याही आधी गेला. त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. त्याचं नाव सुकलाल. आम्ही सगळे त्याला नाना म्हणायचो.

नाना मला पहिल्यांदा दिसले ते ओरडताना. एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. शहाद्याबाहेर लोणखेड्याच्या अंगाला एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. ते एका शेठनं भाड्यानं घेऊन तिथं छोटा कारखाना काढला होता, आणि मी तिथं कारकून म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. फाटकातून आत आलो तर एका मोठ्या लोखंडी टाकीपाशी एक बुटका, काळासावळा माणूस अनवाणी उभा. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक टाकीच्या तोंडातून आत गेलेलं. आणि तो माणूस टाकीत तोंड न घालता, बाजूला उभा राहून अहिराणीत ओरडत होता, "तुन्ही मायनं नाव काय शे?"

आतून घुमत आवाज आला, "सखू!"

थोडा वेळ गेला. पुन्हा, "तुन्ही मायनं नाव काय शे?"

"सखू, सखू! किती डाव सांगू?"

मला वाटलं, भांडण चाललंय आणि आता आईवरून शिवी येणार. शिवी आली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर आतून उत्तर यायला जरा उशीर लागला, तर या माणसानं दोर असा हिसडला की आतला गडी मांजराच्या पिल्लासारखा वर आला. त्याला सावलीत बसवून नाना त्याच्या तोंडावर पाणी मारू लागले. गडी चिडला होता. "नाना, माले काही नई व्हयनं! मी विचार करी ऱ्हायंतू."

"मायनं नाव सांगाले विचार लागना," नाना म्हणाले, "म्हनीसनच काढं तुले."

ही त्यांची रीत होती. टाकी धुवायला माणूस आत उतरला की दर थोड्या वेळानं त्याच्या आईचं नाव विचारायचं. माणूस स्वतःचं नाव सवयीनं बोलतो, गुंगीतही बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आईच्या नावाला मात्र मन जागं लागतं. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. पण त्यांच्या हाताखाली त्या टाकीत एकही माणूस दगावला नाही. आणि या रीतीमुळे कारखान्यातल्या प्रत्येकाच्या आईचं नाव त्यांना पाठ होतं. हाकाही तशाच मारायचे. माझ्या आईचं नाव जमना. पहिल्या दिवसापासून मी "जमनाना पोऱ्या" झालो.

कारखान्यात काय होत होतं ते सांगतो. पेनिसिलीन बुरशीपासून बनतं. बुरशी ज्या पाण्यात वाढवतात त्यात औषध उतरतं, आणि त्या पाण्यातून ते ओढून घ्यायला एक पातळ रसायन लागतं. अमाइल अ‍ॅसिटेट त्याचं नाव. लांबच्या एका औषधी कारखान्यात ते वापरून मळकं झालं की पिंपं भरून रेल्वेनं नंदुरबारला यायचं, तिथून ट्रकनं आमच्याकडे. आम्ही ते ऊर्ध्वपातनानं साफ करून परत पाठवायचो. या रसायनाला वास येतो पिकलेल्या केळीचा. थोडाथोडका नाही, घड डोक्यावर घेऊन उभं असल्यासारखा. त्यामुळे आसपासची माणसं आमच्या कारखान्याला केळ्याच्या तेलाचा कारखाना म्हणायची.

नानांना हे नाव सोसायचं नाही. "तेल नई ते. गोड नाव ठेवा म्हनजे मानूस चाटी देखस." पण त्या रसायनाबद्दल त्यांच्या मनात एक आदरही होता. त्यांची एकुलती मुलगी कमल लहानपणी छातीच्या आजारानं जायची वेळ आली होती, ती धुळ्याला पेनिसिलीनच्या सुयांनी उठून बसली. "औषधले ते बाहेर काढस," ते म्हणायचे, "पन ते सोता औषध नई. दाईले कोनी माय म्हनस का?"

त्यांचे नियम फाटकापासून सुरू व्हायचे. विडी आणि काडेपेटी फाटकाबाहेरच्या कोनाड्यात. पायताणाला खिळे असतील तर पायताणही तिथंच. पिंपाचं बूच उघडायला लोखंडी पाना नाही. पितळेचा पाना आणि लाकडी मोगरी. पिंपांच्या खोलीच्या दारात त्यांनी जिनिंगमधलाच जुना कापूस पिंजून, त्याचा पुंजका दोऱ्यानं गुडघ्याइतका खाली टांगला होता. तो हलत असला, म्हणजे खाली वारा खेळत असला, तरच आत जायचं. मी विचारलं, "इतकं खाली कशाला?" तर म्हणाले, "त्यानी वाफ आपलासारखी नई, वर जात नई. खाले बठस. साप कोठे देखस तू, छतवर?"

आणि रिकामी पिंपं. तिथं नाना सगळ्यांत कडक. भरलेल्या पिंपाला कुणीही जपतो. रिकाम्यावर माणूस बसतो, विडी ओढतो, त्याला झाळाचे टाके मारतो. "रिकामं पिंप रिकामं नई ऱ्हास, पोऱ्या. पानी भर काठलगून. मंग ते रिकामं." पोचा पडलेली, परत न जाणारी पिंपं कामगारांना किंवा गावातल्या ओळखीच्यांना द्यायची पद्धत होती. ती द्यायच्या आधी नाना ती तीनदा काठोकाठ पाण्यानं भरायचे, प्रत्येक पाणी एक दिवस ठेवायचे, मग दोन दिवस उन्हात पालथी. त्यानंतर पिंपाच्या पोटावर चुन्याची फुली. चुन्याची वाटी त्यांच्याच खोलीत. फुली नसलेलं पिंप पहारेकरी फाटकाबाहेर जाऊ देत नसे. आणि फुली मारायचा हात एकच, नानांचा.

एक गोष्ट मात्र खरी. इतकी वर्षं त्या वासात राहून नानांचं नाक गेलं होतं. पिंपाशी वाकून ते आम्हाला विचारायचे, "येस का वास?" हे त्यांनी लपवलं नाही. उलट म्हणायचे, "मन्हं नाक मरी गयं, म्हनीसन मी पानीवर भरोसा ठेवस." हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं ह्याच त्यांच्या खरेपणाचा मी उपयोग करून घेतला.

मी रुजू झाल्यावर दोन-तीन वर्षांनी, महाशिवरात्रीच्या चार-पाच दिवस आधी माझा छगनमामा ब्राह्मणपुरीहून बैलगाडी घेऊन रिकामं पिंप मागायला आला. मामाची केळीची बाग होती. शिवरात्रीला तापीकाठच्या प्रकाशा गावी यात्रेकरू लोटतात, सगळे उपाशी, आणि उपासाला केळी. मामाचा माल दरवर्षी तिथं जायचा. पण त्या साली थंडी सरायला तयार नव्हती आणि केळी हिरवीगार. आमच्याकडे केळी पिकवायची खोली असते: मातीच्या भिंती, खिडकी नाही, दार बुटकं. आत घड रचायचे, मडक्यात गोवऱ्या धुमसत ठेवायच्या आणि दार मातीनं लिंपून घ्यायचं. लवकर हवी असतील तर घडांमध्ये दोन-चार पिकलेली केळी ठेवायची; पिकल्याच्या वासानं कच्ची पिकतात. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मामा आवारात आला, दोन फुलीवाली पिंपं बघितली, हुंगली, आणि तोंड वाकडं केलं. मग कोपऱ्यातल्या एका पिंपाशी गेला. आठवड्यापूर्वी रिकामं झालेलं, तळाशी अजून तांब्याभर शिल्लक असेल. त्यानं बुचाशी नाक नेलं आणि हसला. "भाच्या, याले ते पिकेल केळीना वास येस! हाईच दे."

"मामा, ते धुयेल नई."

"धुयेल काय कामनं? वास निंघी गया व्हई. माले वासच जोयजे."

"नानाले विचारनं पडी."

"कोठे शे तुन्हा नाना?"

नाना ट्रकबरोबर नंदुरबार स्टेशनला गेले होते. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते.

"मंग तूच साहेब ना आज," मामा म्हणाला. "का अठे नुसता लिखाले ठेवेल शे तुले?" आणि तो जोरात हसला. ते हसणं फाटकापर्यंत गेलं असेल.

एवढंच झालं. एवढ्यासाठी झालं. मामानं मला शिकवलं होतं, वडील गेल्यावर त्याच्याच घरी मी वाढलो होतो, आणि त्याच्यासमोर मला नुसता लिहिणारा व्हायचं नव्हतं. मी नानांच्या खोलीत गेलो. चुना थोडा सुकला होता, त्यात पाणी घातलं. दोन बोटं बुडवून नानांसारखीच, डावी रेघ जरा लांब ठेवून, फुली मारली. मामा बघत होता.  गाडीत पिंप चढलं, पहारेकऱ्यानं फुली बघून फाटक उघडलं.

मामा ते पिंप कशाला नेतो आहे, हे मला कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. आता लिहूनच टाकतो. खोली, गोवऱ्या, लिंपलेलं दार, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. फक्त ते आणि नानांचे नियम मी एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीत. बघितले असते तर गाडी थांबवावी लागली असती.

मामानं बूच काढून पिंप खोलीत आडवं केलं, घडांच्या मधोमध. मडक्यात गोवऱ्या. दार लिंपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बागेचा राखणदार वेस्ता दार उघडायला गेला. वेस्ता सातपुड्यातला, बायकोला घेऊन कामासाठी खाली आला होता आणि मामाच्याच बांधावर झोपडी करून राहिला होता. त्यानं माती फोडली, दार ओढलं, वाकून आत गेला. धुमसतंय की विझलंय बघायला मडक्यावर फुंकर घातली.

स्फोटाचा आवाज लोणखेड्यापर्यंत आला नाही. बातमी दुपारी आली. वेस्ता जगला. तोंडापुढं हात आल्यानं डोळे वाचले, पण हात भाजून गेले. बरे झाले तेव्हा बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली, बंद मुठीसारखी. ती पुन्हा उघडली नाहीत.

नाना ऐकल्या ऐकल्या सायकलवरून ब्राह्मणपुरीला गेले. परत आले ते थेट शेठच्या खोलीत. मी बाहेर टेबलाशी होतो. दार उघडंच होतं.

शेठ म्हणाला, "नाना, पिंपावर फुली आहे. पंचनाम्यात लिहिलंय."

"शे. मन्हीच दिखस. पन मी मारेल नई, शेठ."

"मग कुणी मारली?"

 त्यांच्या डोक्यात दुसरा हातच नव्हता. चुन्याच्या वाटीला दुसरं कुणी हात लावेल ही गोष्ट त्यांच्या जगात बसत नव्हती.

"नाना," शेठ हळू बोलला, वाईट माणूस नव्हता तो, "तुम्हीच म्हणता ना, नाक गेलं. वय झालं की आठवणही जाते."

नाना बाहेर आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हात टेबलावर ठेवले. ते हात मला अजून दिसतात. चुन्यानं नखं पांढरी झालेली.

"जमनाना पोऱ्या, तू बठ्ठा दिन अठेच ऱ्हास. खरं सांग. ते कोपऱ्यातलं पिंप, मी त्याले फुली मारी व्हती का? माले याद येत नई."

मी गप्प राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. बाहेर कुणीतरी मोगरीनं बूच ठोकत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग मी म्हणालो, "मारी व्हती, नाना. नंदुरबारले जावाना पहिले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उशीर लागना तुले," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "व्हई. मीच मारी व्हई."

त्यांना कळलं होतं का, हे मी आजपर्यंत सांगू शकत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर उशिरा आलेल्या उत्तरावरून माणसं ओळखली आणि ओढून बाहेर काढली, त्याला माझा उशीर कळला नसेल? पण त्यानं दोर ओढला नाही. कळूनही सोडलं म्हणावं, तर पुढचं सगळं खोटं ठरतं. कारण पुढं मी त्यांना बघितलं आहे. ते नाटक नव्हतं.

शेठनं त्यांना काढलं नाही. ते स्वतः गेले. "ज्याले सोतानी फुली याद नई, त्यानी दुसरासना जीव हातमा लेवाना नई," एवढं म्हणाले. आणि चुन्याची वाटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. शेठनं त्यांना विचारलं होतं, आता फुली कुणी मारायची. नानांनी माझं नाव सांगितलं होतं.

कारखाना बंद पडेपर्यंत ती वाटी माझ्याकडे होती. तीनदा पाणी, दोन दिवस ऊन, मग फुली. मी एकदाही चुकलो नाही. उलट तीनाऐवजी चारदा पाणी भरायचो. नोकरी सोडून जाता आलं असतं, पण जायचं कारण काय सांगायचं? पहिल्याच दिवशी बोललो असतो तर एकच गोष्ट सांगावी लागली असती. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या: केलं ते, आणि नानांच्या तोंडावर खोटं बोललो ते. मग वेस्ताचे हात बरे होऊन तसेच राहिले, ती तिसरी. दार रोज नव्यानं लिंपलं जात होतं आणि माती मीच कालवत होतो. मामाच्या घरी गेलो की जेवताना आम्ही दोघं एकमेकांच्या ताटाकडे बघायचो. त्यानं तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. मरेपर्यंत त्यानं मला कोंडलं आणि मी त्याला.

नाना दर रविवारी ब्राह्मणपुरीला जायचे. वेस्ताची बायको दिवसभर शेतात असायची, म्हणून नाना त्याची दाढी करायचे, पटका बांधायचे, भाकरी मोडून घास भरवायचे. एकदा मामाकडे आलो असताना मी ते बघितलं. नाना मिरचीचा ठेचा लावून घास पुढं करत होते आणि वेस्ता हसत होता.

"मन्ही बायकोनी बी इतला लाड नई करा, नाना."

"खाय गुपचूप. हात मन्हा, तोंड तुन्हा. बोलाले कशाले वापरस?"

मग नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "देख पोऱ्या. मन्ही एक फुली." आणि पुढचा घास मोडू लागले. मी पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडे गेलो आणि तिथंच उभा राहिलो.

शेवटची काही वर्षं ते प्रकाशाला कमलताईंकडे होते. मी एकदाच गेलो. त्या वेळी मात्र ठरवून गेलो होतो, सांगायचंच म्हणून. घर तापीच्या घाटाजवळ. ओसरीवर नाना बसले होते, अंग वाळून गेलेलं. शेजारी घागर, कळशी, तांबे, सगळं काठोकाठ भरून ओळीनं ठेवलेलं.

कमलताईंनी चहा आणला. हळू आवाजात म्हणाल्या, "तीनदा भरल्याशिवाय भांडं चुलीवर ठेवू देत नाहीत. कुलूप लावलं तर चारदा जाऊन बघतात. स्वतःवर भरोसाच उरला नाही, भाऊ. असे नव्हते हो. आमच्या घरात काय कुठं आहे ते अंधारात सांगायचे. ते पिंपाचं झालं तेव्हापासून." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या बरोबरचे. तुम्ही तरी सांगा त्यांना. माणसाकडून चूक होते म्हणावं. तुमचं ऐकतील."

नानांनी मान वर केली. "कोन शे?"

"मी, नाना."

"मायनं नाव?"

"जमना."

या वेळी उत्तर लगेच दिलं. त्यांचा चेहरा उजळला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मी तोंड उघडलं. कमलताई दारात उभ्या होत्या, माझ्याकडेच बघत, मी काय बोलतो याची वाट बघत. आणि मी म्हणालो, "नाना, चूक माणसाकडूनच होते."

त्यांनी मान हलवली. "व्हस. पन याद तर ऱ्हावाले जोयजे ना."

श्रावणात ते गेले. मला कळलं तेव्हा तापीच्या पाण्यात सगळं होऊन गेलं होतं.

आता माझं वय नाना गेले तेव्हाच्या वयाच्या जवळ आलं आहे. कमलताई अजून प्रकाशाला, त्याच घरात आहेत. वेस्ताही आहे, ब्राह्मणपुरीच्या बांधावर. त्याला आता मुलगा घास भरवतो. मला या दोघांकडे जायचं आहे. वेस्ताला सांगायचं आहे की त्याचे हात माझ्यामुळे गेले. आणि कमलताईंना सांगायचं आहे की त्यांचे वडील विसरले नव्हते. त्यांनी ती फुली मारली नव्हती, आणि त्यांची आठवण शेवटपर्यंत बरोबर होती. एवढं माझ्याकडून द्यायचं राहिलं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.